तुरीच्या पलीकडे गेलेली धार

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला पत्र मिळत नाही, हे मला कळतं. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. पण काल सकाळी जे घडलं ते ऐकायचा पहिला हक्क तुझा आहे. माझा नातू अर्णव, आपल्या निलेशचा मुलगा, काल तुझ्या खाचराच्या बांधावर उभा राहिला आणि त्याने उभ्याने लघवी केली. धार सरळ पुढे गेली, बांधावरच्या तुरीच्या रोपापलीकडे.

हसू नकोस. जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावलेली बाई असलं काही लिहिते आहे, म्हणजे तसंच कारण आहे.

तुझ्यासारखाच जन्मला तो. लघवीचं तोंड टोकाला नाही, खालच्या बाजूला. बसूनच करायची, उभं राहिलं की पाय भिजायचे. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा निलेश आणि सूनबाई एकमेकांकडे बघत राहिले. मला मात्र आपल्या शाळेची मागची भिंत दिसली.

आठवते तुला ती भिंत? मधल्या सुट्टीत पोरं तिथे रांगेने उभी राहायची आणि तू एकटा करवंदीच्या जाळीमागे जायचास. "बसक्या चालला रं, बसक्या!" सातवीत तू दप्तर खुंटीला अडकवलंस आणि बाबांना म्हणालास, "माजं डोकं नाय चालत. ताराला शिकवा." तुझं डोकं चालत नव्हतं? मग माझी त्रैराशिकं कोण सोडवून द्यायचं?

मी शिकले. प्राणिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एक परिच्छेद होता. आईच्या पोटात मुलाची मूत्रनळी शिवण घातल्यासारखी बंद होत जाते, कधी कधी ती अर्धवट राहते, आणि त्यावर शस्त्रक्रिया करता येते. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. गणपतीला घरी आले तेव्हा पुस्तक पिशवीत होतं. तू समोर बसून नारळ खवत होतास. मी पुस्तक काढलं नाही. थोरल्या भावाशी असलं कसं बोलायचं? एवढंच कारण होतं, दादा. दुसरं काही नाही.

पुढे स्थळं आली. "मला नाय करायचं लगीन," म्हणालास. आई रडली. मी तेव्हाही गप्प. शाळेत शिकवायला लागले, प्रजननाचा धडा आला की सांगायची, "हा घरी वाचा." सगळी शाळा मला घाबरायची आणि मी एका धड्याला घाबरत होते.

पण तू तरी कधी बोललास? एकदा विचारायचंस, "तारे, तुझ्या पुस्तकात ह्यावर काय हाय का गं?" मी उत्तर दिलं असतं. दिलं असतं ना?

अर्णववर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिली उसवली. दुसरीनंतर मध्येच एक भोक राहिलं आणि लघवी दोन ठिकाणांहून यायला लागली. जवळपासची वापरण्याजोगी कातडी संपली होती. तेव्हा मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवी वाट सांगितली. गालाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, त्यांचा पातळ पापुद्रा तयार झाला की त्यापासून नळीचा राहिलेला भाग घडवायचा. पद्धत अजून चाचणीत आहे, खात्री देत नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. बाई मला तिथेच पटली.

निलेशला पटली नाही. मोहोपाड्याला कॉलनीत घरी पोचल्या पोचल्या म्हणाला, "बस झालं, आई. पोरगं आहे ते, प्रयोगाचा उंदीर नाही. करेल बसून. काय बिघडतं?"

काय बिघडतं ते या घरात फक्त मला माहीत होतं. मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंत, जाळी, दप्तर, मोडलेली स्थळं.

"मामाला हेच होतं?"

"हेच."

"तुला कधीपासून माहीत?"

"कॉलेजपासून."

"आणि तू गप्प बसलीस?"

"हो," म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

 मग मी विचारलं, "मामा भात कसं लावायचा?"

"हे काय मध्येच? आधी राबात रोप वाढवायचा. वीतभर झालं की उपटून खाचरात लावायचा, ती आवणी."

"डॉक्टर तेच करणार आहेत. राब काचेच्या ताटलीत, एवढाच फरक."

"आणि रोप धरलंच नाही तर?"

"मामा काय करायचा?"

"पुन्हा पेरायचा," तो म्हणाला. आणि मग, "मुळं तोडून उपटलं म्हणून एकदा पाठीत धपाटा घातला होता मला. कुठे आहे तो डॉक्टरांनी दिलेला सहीचा कागद?"

रोप धरलं नाही तर काय, हे मी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, राबासकट. त्या म्हणाल्या, "लावायच्या आधी तपासते, आजी. मरतुकडं रोप मी लावतच नाही." म्हटलं, माझा भाऊही नाही लावायचा.

रोप जोमदार आलं. आवणी झाली. लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली त्या दिवशी नर्सने अर्णवला मोरीत नेलं. त्याने सवयीने विचारलं, "बसू?" ती म्हणाली, "उभा राहा की रे." राहिला. एकच धार, टोकातून. निलेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला हटकलं नाही.

त्यानंतर महिनोन्‌महिने तपासण्या. कुठे गळत नाही, कुठे अडत नाही. वयात येईपर्यंत लक्ष ठेवावं लागेल म्हणतात. ठेवू.

आणि काल तुझा बांध. शेजारच्या गणपतचे दोन नातू कुणाची धार लांब जाते ते बघायला रांगेत उभे होते, अर्णव आपणहून तिसरा जाऊन उभा राहिला. धाकटा भांडायला लागला, "आज्जे, ह्यानं पाय पुडं टाकला व्हता! ह्यो आऊट हाय."

"मग पुन्यांदा घ्या रं," थोरला म्हणाला.

"आता नाही येत, संपली," अर्णव म्हणाला.

मी पंचगिरी केली आणि अर्णवला जिंकवलं. तुरीचं रोप साक्षीला होतं. दादा, जिंकलास तू.

तुझं गुपित मी फोडलं, त्याबद्दल रागावशील. रागाव. ते मी पुन्हा फोडणार आहे. सोमवारी गावच्या अंगणवाडीत आयांना बोलावलं आहे. तान्ह्या मुलाची लघवी कुठून येते हे पाहायचं, वेगळं दिसलं तर लाजायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, हे मोठ्याने सांगणार आहे, शब्द न गाळता. माझ्या भावाला होतं, असंही सांगणार आहे. आणि तो धडा कुणालाही घरी वाचायला सांगणार नाही.

तुझीच,
तारा