न पुसलेली रेषा

मल्लेश्वरम, बेंगळूर
९ सप्टेंबर १९९५

प्रिय श्रीवत्स,

सुप्रीताचा फोन आला होता. "अक्का, तुम्ही सांगितलंत तर ते सही करतील," म्हणाली. तुझी बायको शहाणी आहे, कुणाला गाठायचं ते तिला नेमकं कळतं. तिच्याशी मी गोड बोलले. तुला मात्र लिहूनच सांगते आहे, कारण फोनवर मी आधी चिडते आणि मग रडते.

जुलैतले ते तीन दिवस मी विसरलेले नाही. तू तिकडे उत्तरेतल्या केंद्रावर पहाटे हवा मोजणारं यंत्र बांधून फुगा सोडायचास आणि दुपारपर्यंत त्याचे आकडे इथे माझ्या टेबलावर यायचे. शेजारच्या केंद्रांकडून त्या आठवड्यात काहीच आलं नव्हतं. तुझ्या आकड्यांप्रमाणे साडेपाच किलोमीटर उंचीवरचा हवेचा दाब इतका उतरला होता, की नकाशावरची समान दाबाची रेषा पार दक्षिणेकडे वाकवावी लागली. मला शंकाच नव्हती. उंचावरचे पश्चिमी वारे पृथ्वीभोवती सरळ वाहत नाहीत, हजारो किलोमीटर लांबीच्या लाटांनी वळत वळत जातात. त्यातल्या एखाद्या लाटेचा खोलगट भाग उत्तर भारतावर येऊन बसला, की मध्य भारतात पावसाला खंड पडतो. एकोणीस वर्षं नकाशे काढून एवढं तरी मला कळायला लागलं आहे.

कृष्णमूर्ती साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "एका फुग्याने लाट होत नाही, वसुमती. ती रेषा स्वल्प सरळ करा." मी केली नाही. तिन्ही दिवस शाईने काढली आणि खाली सही ठोकली. साहेबांनी दुसऱ्याकडून गुळगुळीत नकाशा करून घेतला आणि पाऊस चालू राहील असा अंदाज दिला. पुढे सोळा दिवस मध्य भारतात थेंब नाही, हिमालयाच्या पायथ्याशी मात्र पूर. आता वरून चौकशी आली आहे, आधी काही लक्षण दिसलं होतं का म्हणून. साहेबांचं उत्तर तयार आहे: एकच नोंद होती, तीही बिघडलेल्या यंत्राची. त्या कागदावर तुझी सही हवी, आणि बदल्यात सहा वर्षं रखडलेली बेंगळूरची बदली.

अम्माला हे सगळं ठाऊक नाही, बदली तेवढी ठाऊक आहे. चिकपेटहून तुमच्यासाठी नव्या चादरी आणल्या, मधली खोली रिकामी करवून घेतली. गुडघ्यांनी ती बेजार झाली आहे. तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ऑटो थांबवता थांबवता मीही थकले आहे रे. तू इथे हवास, हे मला सुप्रीताने सांगायला नको.

पण तिथल्या पहिल्या हिवाळ्यात तूच लिहिलं होतंस, फुगा वाऱ्यात फुटला म्हणून तू बर्फात उभा राहून दुसरा भरलास, कारण वहीत 'नोंद नाही' असं लिहायची तुला लाज वाटली. तो माणूस यंत्र न तपासता फुगा सोडेल? तीन दिवस सलग? हे साहेबांना पटत असेल, मला पटत नाही.

म्हणून सही करण्याआधी हे वाच. आज सकाळी मी माझा लेखी जबाब दिला. तिन्ही नकाशे जोडले आणि लिहिलं, की तिथला निरीक्षक माझा सख्खा भाऊ आहे, त्याची नोंद बरोबर होती आणि मी ती बरोबर काढली. बहीण भावाला पाठीशी घालते आहे असं म्हणतील, असं साहेब म्हणाले. म्हणू देत. नोकरी गेली तर शिकवण्या घेईन. आता तू सही केलीस तर घरी येशील, आणि आपल्या दोघांतलं कुणीतरी एक खोटं ठरेल. दार मीच उघडेन, पान मीच वाढेन. पण तुझं यंत्र बिघडलं होतं असं मी तुझ्यासाठीसुद्धा म्हणणार नाही.

तुझीच, आणि कुणाचंच न ऐकणारी,
अक्का