पाहुण्यानं लावलेलं

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

आमच्या मंडळाची सहल बेटावरून परत. बारा माणसं, एक नाव, एकही प्लास्टिकची पिशवी नाही – मी स्वतः झडती घेतली. मंडळातला शामसुंदर कुरकुरला, "बाई, हे पिकनिक हाये का प्लांटची शिफ्ट?" शिफ्टच समज, म्हटलं!

धरण झालं तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची ही वीस घरं टेकडीवर राहिली आणि टेकडीचं बेट झालं. उघडंबोडकं. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. तिथल्याच गिरजाबाईनं गावाला पटवलं – पाहुणे येऊ द्यायचे, पण त्यांनी आधी झाड लावायचं, मग मासळी-भात. मासळी अंडी घालते ते दोन महिने नाव बंद. पाच वर्षांत काठ धरला. मासळी परतली.

आज मात्र एक रोप मोडून कुणीतरी चुलीत घातलेलं! गावातल्या सगळ्यांना घाटावर उभं केलं. ओंजळीत पाणी घेऊन आण घ्यायला लावली – पाहुण्यानं लावलेल्याला गावातल्या कुणी हात लावायचा नाही. घेतली.

निघताना मी घरच्या हौदातून आणलेली जलकुंभी – आपली जलपर्णी – घाटाशी सोडली. बादलीभर. निळी फुलं शोभतील.

४ जून १९८९

बेटावरचा कवडू नावाडी आमच्या फाटकाशी. "बाई, थोडं बोलाचं होतं." घरात पाहुणे जेवत होते. आधी पत्र टाकून यावं, म्हटलं. गेला.

१५ ऑक्टोबर

गुडघ्यामुळे जवळजवळ वर्षानं गेले. घाटाच्या अलीकडेच नाव अडली. पाणी दिसतच नाही – जलकुंभी, नुसती जलकुंभी! जाळं टाकायला जागा नाही. पानावर डाळ-भात आला.

मी आणली, कबूल. पण उपटायला हात नाहीत? चारचौघांत बोलले. आळशी म्हटलं. गिरजाबाई खाली मान घालून "जी" म्हणाली.

मन खट्टू झालं. इतकं चांगलं चाललेलं!

२२ ऑक्टोबर

शामसुंदरला कवडू दुर्गच्या बाजारात भेटला. बेट पाहुण्यांना बंद. चौदा घरं इकडे शहराजवळ कोहक्याला आली, ठेकेदाराकडे माती वाहतात.

"कावून बंद केलं, इचारलं मी. बोललाच नाही, बाई. चुपचाप निंगून गेला."

बोलेल कसा! उद्या स्वतः जाते. कसं उपटतात ते दाखवते.

२३ ऑक्टोबर

बेटाच्या घाटाशी पदर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरले. पहिला झुबका ओढून काठावर फेकला. घाटावर गिरजाबाई आणि दोन म्हाताऱ्या, बस. गिरजाबाई हात जोडून म्हणाली,

"आण सुटली न, बाई? जूनमदी कवडू हेच इचाराले आलता. आता लावू का आमी हात?"