माळावरची मंडळी

१२ सप्टेंबर १९५३
आलो एकदाचे! ट्रकमध्ये माझ्या मांडीवर घड्याळ, पायांशी मेग कुत्री आणि मागे हेडली चुलीला मिठी मारून बसलेला. सासूबाईंच्या माडीवरच्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर आता बॉडमिनच्या या माळावर स्वतःच्या दाराला स्वतःची कडी. दार नीट लागत नाही, धुराडं कोंदतंय, पण मी दिवसभर गुणगुणतेय. हेडली म्हणाला, एवढी खूश मी लग्नातही नव्हते. मी म्हटलं, लग्नात तुझी आई शेजारी उभी होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतार दिसतो आणि उतारावर दगडांचं जुनं रिंगण. माणसाएवढे करडे दगड, कोणी कधी उभे केले देव जाणे. इथले लोक त्यांना 'मंडळी' म्हणतात. पलीकडच्या शेतावरच्या थर्झामावशी केशर घातलेला केक घेऊन आल्या. जाताना म्हणाल्या, पोरी, मेंढरं मंडळींच्या बाजूला सोडू नकोस, त्यांना तिथली सवय लागते. हेडली हसून म्हणाला, लागू दे, आम्ही मंडळींनाही चहा पाजू. मावशी हसल्या नाहीत.

१७ सप्टेंबर
डोकं फिरायची पाळी आलीय. सगळा माळ मोकळा पडलाय आणि आमच्या मेंढ्या जातात त्या रिंगणातच. बरं, जाऊन चरतील तर शपथ! तिथलं गवत घोट्याच्या वर आलंय, त्याला तोंडही लावत नाहीत. तोंडं रिंगणाच्या मध्याकडे करून, अंगाला अंग लावून नुसत्या उभ्या. एकेकीला शिंगाला धरून ओढत बाहेर काढलं. बाहेर आल्या की चरतात आणि माझी पाठ वळली की परत आत. मेग तर बाहेर बसून कुंईकुंई करते, आत पाऊल टाकत नाही. आयुष्यभर मेंढ्या वळल्या हिनं, आणि आता नखरे!

२४ सप्टेंबर
सबंध आठवडा खपून हेडलीनं रिंगणाभोवती कुंपण घातलं. हाताला फोड आले. आज सकाळी पाहते तर खांब आडवे आणि मेंढ्या आत. खांद्यांनी रेटून रेटून पाडलेत. तारेला लोकर आणि रक्त.

शेवटी गुरांच्या डॉक्टरला, पेनरोझला, बोलावलं. त्यानं एक मेंढी बाहेर ओढली, डोळे पाहिले, तोंडाशी पाला धरला, तिनं मचामचा खाल्ला. मग मला म्हणतो, बाई, मेंढरं उभी राहतात, त्यांना दुसरा उद्योग काय? तुम्हीच जरा विश्रांती घ्या. मला त्याच्या टोपीत थुंकावंसं वाटलं. हेडलीनं चिमटा काढला म्हणून गप्प बसले.

३० सप्टेंबर
पहिली मेंढी गेली. उभ्याउभ्या. उपाशी मेली, पण पडायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंच्या मेंढ्यांनी तिला अंगानं धरून ठेवलं होतं. मी शेजारचीला ओढलं तशी ती धपकन खाली आली. किती दिवसांची मेलेली, कोण जाणे.

मी रडले, शिव्या दिल्या, दगडाला लाथ घातली आणि पाय सुजवून घेतला. हेडली मात्र आतच रेंगाळला. म्हणाला, सेलिना, इथे वारा अजिबात लागत नाही गं. पाहिलंस का? बरं वाटतं.

मी म्हटलं, बरं वाटायला तुला मेलेली मेंढीच सापडली.

४ ऑक्टोबर
मटण-बटाटा भरलेली पेस्टी दोनदा गरम केली, दोनदा गार झाली. हेडली जेवायला आला तो दुपार टळल्यावर. कुठे होतास म्हटलं, तर मेंढ्या काढत होतो म्हणाला. एकही काढली नव्हती. मग मी सोडलं नाही. त्याच्या आईपासून सुरू केलं ते या शेतापर्यंत आले. त्याच्या जागी एरवीचा हेडली असता तर टेबल दणाणलं असतं. आज त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून हसला. गोड, रिकामं हसू.

याच्यापेक्षा ताट भिरकावलं असतं तर बरं होतं.

७ ऑक्टोबर
तो आत उभा आहे. मेंढ्यांच्या मध्ये, हात खाली सोडून.

हाका मारल्या. विनवलं. मग पट्ट्यानं मारलं, हो, मारलं, आणि फरफटत घरी आणलं. काही खात नाही. खुर्ची कशीही फिरवली तरी तोंड रिंगणाकडे.

धावत थर्झामावशींकडे गेले. त्यांच्या समोर मी ओरडलेच, आधी नीट सांगायला काय झालं होतं? त्या खाली बघून म्हणाल्या, सांगितलं की लोक हसतात, पोरी. तूही हसलीच असतीस. मागच्या भाडेकऱ्याची बायको अशीच उभी राहिली होती. प्लिमथला नेली, समुद्रकाठी, तेव्हा जेवायला लागली. म्हणजे उपाय आहे! त्यांचा भाचा शनिवारी ट्रक आणणार. तोवर हेडलीला बांधून ठेव म्हणाल्या. आणि काही झालं तरी एकटी आत जाऊ नकोस.

९ ऑक्टोबर
पलंगाला बांधला होता. गोठ्यात गाईचं दूध काढून येते तोवर पलंगाचा पाय मोडलेला, दाराला रक्त. मनगटाची साल निघाली असणार. भर सकाळी, माझ्या नाकासमोरून —

मेगही गेली. शेपूट हलवत आत गेली. मी हाक मारली तर वळूनही पाहिलं नाही.

तीनदा ओढून आणायचा प्रयत्न केला. मेंढ्या बाजूला होत नाहीत. आणि आत गेलं की — कशासाठी आले ते क्षणभर आठवत नाही. बाहेर आल्यावर इतकी चिडले की हात चावून घेतला. चिडलेली आहे तोवर मी ठीक आहे. चिडलेलंच राहायचं.

१० ऑक्टोबर, शनिवार
धुकं. ट्रक येईना. धुक्याला शिव्या, भाच्याला शिव्या, पेनरोझला शिव्या.

धुक्यातून तो दिसतो. गुडघे वाकलेत. मेंढ्यांनी दोन्हीकडून धरलाय, म्हणून उभा. त्या मेंढीसारखा —

थांबता येणार नाही. कमरेला दोर, दुसरं टोक फाटकाच्या खांबाला. वही खिशात. राग लिहीत राहीन. लिहीत राहिले की विसरणार नाही.

आत आले. वारा नाही.

राग: सासूबाई. खोली. गार पेस्टी. त्याचं ते हसू.

त्याचा हात धरलाय. गार आहे. श्वास चालू आहे. ओढते आहे. येईल. जड आहे —

राग: सासूबाई. माडी. केक — नाही, केक चांगला होता.

राग:

त्याच्या शेजारी जागा आहे. मेंढ्या सरकल्या. काल सरकत नव्हत्या.

थर्झामावशींचा आवाज. ट्रक आलाय. फाटकापाशी ओरडतायत, सेलिना, दोर ओढू का? नुसतं हो म्हण!

किती काकुळतीनं ओरडतायत. उत्तर द्यायला हवं. देते. कमरेला काचत होतं, ते आधी सोड—