चार बोटे जादा कापड

मी, सकिना इब्राहीम मुलाणी, वय ६७, धंदा शिवणकाम, राहणार भोर. येत्या मंगळवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. कुणाच्या दबावाखाली नव्हे, राजीखुशीने हे लिहून ठेवते.

१. राहते घर माझी मुले फैजान आणि सबिहा यांना शरियतप्रमाणे मिळेल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. पुढचे सगळे मला वारसांबाहेर देता येते त्या एक तृतीयांश मालमत्तेतले आहे.

२. एका सरकारी वसतिगृहाकडून मला दोन लाख चाळीस हजार रुपये येणे आहे. सहा वर्षांपूर्वी तिथल्या मुलींचे गणवेश शिवले. पुढचे गणवेश वेळेवर येत नाहीत हे ठाऊक होते, म्हणून प्रत्येक स्कर्टला आतून चार बोटे जादा कापड दुमडले. मुलींनी ते उसवून तीन वर्षे घातले. कापड मंजुरीपेक्षा जास्त लागले म्हणून बिल मात्र त्यांच्या कार्यालयात अडकले. चूक माझी, आणि पुन्हा शिवायला बसले तरी तीच करीन. "तुमचं काही झालं तर फाइल पहिल्यापासून," असे तिथले साहेब म्हणाले, म्हणून हा खटाटोप. पाठपुरावा सबिहाने करावा; फैजान भांडून येईल.

३. त्यातून आधी कापडवाले मानसिंगशेठ यांची उधारी फेडावी. मला अवघडायला नको म्हणून ते माझ्या दुकानापाशी आले की रस्ता ओलांडून पलीकडून जात. शेठ, मी रोज बघत होते. अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो.

४. उरलेली रक्कम आणि दोन्ही शिलाई मशिने पासली गावच्या चंद्राबाईस. अकरा महिने ती माझ्या दुकानात बिनपगारी शिवत बसली, वर स्वतःच्या शेतातला तांदूळ एसटीने माझ्याकडे आणायची. "बिल आलं की द्या. तवर तुमी खाणार काय?" म्हणायची. पैसे नको म्हणेल. ऐकू नये.

५. दुकानातली खुर्ची त्या कार्यालयाच्या दाराबाहेर ठेवावी. मी तिथे फार उभी राहिले.

साक्षीला चंद्राबाईच हवी होती. पण ज्याला मिळणार त्याने सही करू नये, असे वकील म्हणाले. "भाभी, इतकी वरसं संगं काढली आन् साक्षीला म्या चालत न्हाई व्हय?" असे म्हणून ती बाहेर त्याच खुर्चीत रुसून बसली आहे. कारण तिला सांगितलेले नाही. ऑपरेशनमधून उठले तर मी सांगेन. नाही उठले, तर सबिहाने तिला कलम चार मोठ्याने वाचून दाखवावे.

सही : सकिना इब्राहीम मुलाणी
साक्षीदार : रत्ना कोंडिबा शेटे, भोर; हनुमंत भिलारे, किकवी
भोर, दि. ९ जानेवारी २०२६