झोळीचे चारशे ग्रॅम

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, गवंड्याची विधवा, तेहेतीस वर्षे पाळणाघराची बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे, बालविकास खात्याने पाळणाघराला महिनाअखेरची. आधी कोण जाणार हे ठरलेच आहे.

१. मागची राहती खोली पुतण्यास. माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो आणि नजरेने भिंती मोजतो. घे बाबा. मोरीचा नळ तेवढा दुरुस्त कर.

२. पुढची मोठी खोली, जिथे पाळणाघर भरते, ती नकटीला. तिचे दाखल्यावरचे नाव वकीलसाहेबांनी सोबत जोडले आहे.

३. नकटीलाच का, ते सांगते. तिची आई समोरच्या कारखान्यात पॅकिंगला. नकटी दीड वर्षाची असताना वजनाची झोळी फाटली, म्हणून मी जाड ताडपत्रीची नवी शिवली. नवी झोळी टांगून काटा शून्यावर आणायचा असतो. मी विसरले. सात महिने प्रत्येक मुलाच्या वजनात नव्या झोळीचे जादा चारशे ग्रॅम धरले गेले. नकटी कागदावर, वाढीच्या तक्त्यात, अतिकुपोषणाच्या लाल पट्ट्यातून पिवळ्यात आली आणि तिचा जादा आहार बंद झाला. आई म्हणायची, "बाई, हिच्या अंगाला काही लागतच नाही हो." मी तिला तक्ता दाखवायचे. "अगं, वाढतेय की!"

चूक कळली तशी पर्यवेक्षिकाबाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, "अहवाल वर गेलाय. तुमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र मंजूर झालंय. आता कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी गप्प बसले. माझ्या ताटातले तिला भरवत राहिले, पण गेलेले महिने काही भरवता आले नाहीत. नकटी उशिरा चालली, उशिरा बोलली, अक्षरे डोक्यात शिरेनात म्हणून तिसरीत शाळा सुटली. त्यानेच झाले का, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. मला मात्र तेच वाटते. आज ती बावीस वर्षांची आहे, सहा वर्षे माझ्या हाताखाली मुले सांभाळते, मला मावशी म्हणते. तिला हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

४. प्रशस्तिपत्र, काचेसह, पर्यवेक्षिकाबाईंना.

५. चौदा मुले कोणाच्या नावे करता येत नाहीत. खात्याच्या पत्रानुसार ती चार किलोमीटरवरच्या केंद्रात 'सामावून' घेतली जातील. कारखान्याचा भोंगा सातला होतो, ते केंद्र दहाला उघडते. मधले तीन तास मुले कुठे ठेवायची, हे विचारणारे सहा अर्ज केले. एकाचेही उत्तर नाही. नकटीने खोली रोज साडेसहाला उघडावी अशी अट घालणार होते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, टिकणार नाही. आणि तिला खायला कोण घालणार?" म्हणून अट नाही, विनंती आहे. तिने खोली विकली तरी कोणी तिला बोल लावू नये.

६. काटा खात्याचा, तो जमा करावा. झोळी माझी आहे, ती माझ्याबरोबर जाळावी.

७. नकटीला वाचता येत नाही. हे मृत्युपत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावे. तिसरे कलम गाळू नये.

सही: पाळणाघराची बाई

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: कोपऱ्यावरची शिंपीण
साक्षीदार २: दवाखान्यातले डॉक्टर

स्थळ: पाळणाघराची मोठी खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, मुलांची वजने झाल्यावर