कढीपत्त्याचा डबा

न्यूनेन, नेदरलँड्स,
मे २०२१

प्रिय श्री,

फोनवर तू मला गुंडाळतोस, म्हणून लिहायला बसले. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. आईला फोन दे म्हटलं की तिचा घसा बसलेला असतो, नाहीतर तिचा नुकताच डोळा लागलेला असतो. आपली आई भरदुपारी झोपते? अंगात ताप असताना लाडू वळणारी बाई ती. खोटं तुला कधी धड बोलता आलं नाही, विषय मात्र छान बदलतोस.

माझ्या मनात काय आलं ते सरळच सांगते. दिवाळीपासून तू नाशिकच्या फ्लॅटचं टुमणं लावलं होतंस. देवळालीचं घर छावणीच्या जमिनीवर, लष्कराने मागितली तर महिन्याभरात निघावं लागेल, त्यापेक्षा आपणच निघू. आईने साफ नाही म्हटलं. मग कोरोनाची ही लाट आली, तिकडची विमानं बंद झाली, मी इथे अडकले आणि नेमकी तेव्हापासून आई फोनवर येईना. शेजारच्या दामोदरकाकांना विचारलं, तर श्रीलाच विचार म्हणून फोन ठेवूनच दिला. एरवी काका तासभर सोडत नाहीत. पाणी कुठेतरी मुरत होतं. याने आईला उचलून फ्लॅटवर नेलं आणि घर परस्पर देऊन टाकलं, असं मी अरुणला म्हटलंसुद्धा. सख्ख्या भावावर संशय घेतेस, म्हणून तुझा मेहुणा माझ्यावरच चिडला. घेतला संशय. तू वागतोसच तसा.

आजोबांनी ते घर घेतलं ते इंग्रजांच्या वेळच्या अटीवर. वरच्या भिंती आपल्या, खालची जमीन लष्कराची. इंग्रज गेले, अट राहिली. आईने ती लग्न होऊन आल्या आल्या ऐकली आणि जी मनावर घेतली, ती घेतलीच. एवढं मोठं अंगण, पण एक रोप तिने मातीत लावलं नाही. मोगरा ऑइलपेंटच्या डब्यात, कढीपत्ता तेलाच्या डब्यात. निघायची वेळ आली तर उचलून नेता यावं म्हणून. मीही तिचीच लेक. इथली बाग आमच्या मालकीची आहे, तरी माझं सगळं कुंड्यांत. जमीन आपली ना, मग झाडं अशी कोंडून का ठेवतेस, असं तुझी भाची मैत्री डचमध्ये विचारते आणि मी तिला मराठीत गप्प करते.

काल मी हट्टच धरला, आत्ताच्या आत्ता व्हिडिओवर घर दाखव. तू निमूटपणे दाखवलंस. सामान जागच्या जागी होतं, आईची खाट होती, चष्मा खिडकीत होता. कशालाही हात लागलेला नव्हता. मी मनातून ओशाळले. आई कुठेय विचारलं, तर तू मला अंगण दाखवायला लागलास. तिथे कोपऱ्यात तेलाचा डबा आडवा पडला होता, एका बाजूने कापलेला. शेजारी कढीपत्ता होता, जमिनीत, भोवती नुकतंच केलेलं ओलं आळं. तू फोन चटकन वळवलास, पण मला दिसायचं ते दिसलं.

श्री, मुळं डब्यात कोंडलीत, मातीत लावू या म्हणून आपण तिच्या मागे लागायचो तेव्हा ती काय म्हणायची, आठवतं ना? मी आहे तोवर डब्यातच राहू दे. मी गेले की लावा खुशाल अंगणात, मग मला कोण नोटीस देतंय. विमानं सुरू होईपर्यंत ताईला सांगायचं नाही, असं तू ठरवलं असशील. इतके दिवस हे एकट्याने कसं रे ओढलंस? मी तिकडे येऊ शकत नाही आणि मला आई हवी आहे. हे वाचलंस की फोन कर. आता विषय बदलू नकोस. कशी गेली, शेवटी तिच्याजवळ कोण होतं, सगळं सांग. आणि कढीपत्ता मूळ धरेपर्यंत त्याला रोज पाणी घाल.

तुझ्यावर संशय घेणारी, तरी तुझीच,
ताई