टोरंटो काय लांब नाय

३ एप्रिल
नात मेघा टोरंटोला बाळंत होणार. पणतवंडाला घरची पहिली आंघोळ मीच घालणार, हे ठरलं. मी बोलते, हा फोन लिहितो. वाचायचं कुणाला नाय; मला तर येतच नाय. बरंय. मनातलं बोलता येतं.
मुलगा कृष्णा म्हणला, आई, साडेबारा हजार किलोमीटर. म्हणलं, तुला कोण पायी चालायला सांगितलंय?

५ एप्रिल
सून गीता संग येणार. बाई सरकत्या जिन्याला भिते. म्हणजे टोरंटोपर्यंत हे वझं माझ्याच डोक्यावर. बाळ धरायचीबी अक्कल नाय. मेघा तान्ही व्हती तवा तिला मीच न्हाऊ घालायची, ही तिची आई टॉवेल घेऊन लांब उभी.

८ एप्रिल
हिशेब लावला. मुंबईपासून अठरा तास, मधी एकदा विमान बदलायचं. तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागं. ते वजा करा. राहिले साडेआठ. गीताला म्हणलं, काय लांब नाय, बसलं की पोचलं. सिल्लोडला लग्नाला जाऊन यायला एवढाच येळ जातो, अन् तिथं पंगतीला ताटकळावं लागतं. कृष्णा म्हणला, आई, असं वजा करत नसतात. इंजिनियर हाये म्हणं.

१० एप्रिल, गुरुवार
विमान उद्या. शुक्रवारी पश्चिमेला जात नसतात, एवढंबी तिकीट काढणाऱ्याला कळत नाय. मी आजच परस्थान ठेवलं. चांगल्या दिवशी आपलं बोचकं शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे आपण निघालो असं धरतात. जाता जाता उचलायचं. गल्लीतल्या सरूबाईकडं ठेवलं. लुगडं, नारळ, सुपारी. पण लुगडं एकटं टोरंटोला निघालं, असं कोण म्हणंल? पासपोर्टबी घातला. गीताला म्हणलं, तुझाबी दे. म्हणली, नको आई, पर्समधीच बरा. भित्री.

११ एप्रिल, दुपार
गाडी दारात. सरूबाईच्या दाराला कुलूप. फोन लावला. म्हणली, अगं माय, लेकीकडं पाचोडला आले. तुझं बोचकं मोकळ्या घरात कसं टाकावं, म्हणून संगच आणलं.
पाचोड! ते तर उगवतीला. न्यायचंच तर पश्चिमेला तरी न्यायचं.
कृष्णा म्हणला, जाऊन येईस्तवर मुंबईचं विमान गेलेलं असंल. गीताला म्हणलं, तू हो पुढं. वाटलं, रडंल, थांबंल. चपला घातल्या अन् गाडीत बसली. लाडवाचा डबाबी नेला.

१२ एप्रिल
बोचकं आलं. समदं जागच्या जागी. कृष्णा दुसरं तिकीट काढतो म्हणला. मीच नको म्हणलं. परस्थान उलट्या दिशेला गेलं की वर्षभर निघायचं नसतं, असा नियम हाये. कुणाचा, म्हणला. म्हणलं, माझा.

२० एप्रिल
मुलगी झालीय. आज व्हिडिओवर आंघोळ बघितली. गीतानं पाय लांब केले, बाळ पायावर पालथं घेतलं, कानात पाणी जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरला. मी कधी शिकवलं नाय. टॉवेल घेऊन उभी असताना बघत व्हती वाटतं. बाळ रडलंसुद्धा नाय.
म्हणलं, पाणी कडक दिसतंय. म्हणली, हात घालून बघितलंय, आई. मंग म्हणली, तुमचं खरं व्हतं. काय लांब नाय, बसलं की पोचलं.
म्हणलं, लांब हाये गं. लई लांब हाये.